तिकीट विकताय की गेम, ते आधी सांगा : ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला एका गेमरचं खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली.

विषय : पैसे घेऊन विकलेले आणि नंतर बंद केलेले व्हिडिओ गेम, गेममधली नाणी आणि थेट कार्यक्रमांची तिकिटं यांबाबत.

महोदय,

मी पुण्यात राहतो, नोकरी करतो आणि रात्री जेवणं आटोपली की गेम खेळतो. चाळिशीत हे शोभतं का, हा आमच्या घरातला जुना वाद आहे. त्यात तुम्हाला ओढत नाही. दुसरा नाद नाटकाचा. पगारातून करमणुकीसाठी जे काही बाजूला निघतं ते या दोनच ठिकाणी जातं, त्यामुळे दोन्हीकडचा व्यवहार मला चांगला ठाऊक आहे. नाटकाचा व्यवहार सरळ आहे. गेमचा नाही, आणि हे तुमच्यापर्यंत पोचलेलं दिसत नाही. कंपन्यांना लिहावं तर उत्तर यंत्र देतं आणि शेवटी 'आमची सेवा कशी वाटली?' म्हणून पाच चांदण्या पुढे करतं. म्हणून तुम्हाला लिहितोय.

निमित्त ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचं. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची संमती. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, ई-स्पोर्ट्सना, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता मिळाली. माझी तक्रार बंदीबद्दल नाही. रमीच्या अ‍ॅपपायी कर्जात बुडालेली माणसं आमच्या ओळखीतही आहेत. पण आपल्याकडे 'ऑनलाइन गेमिंग' म्हटलं की सरकारपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना पत्तेच आठवतात. कायद्याचा सगळा रोख जुगारावर, कौतुकाचा सगळा रोख पदकावर. यांच्यामध्ये एक मोठी जमात आहे. ती ना जुगार खेळते, ना स्पर्धेत उतरते. ती चार-पाच हजार रुपये मोजून गेम विकत घेते आणि रविवारी दुपारी पडदे ओढून खेळत बसते. तिच्या खिशाला कोण कुठे कात्री लावतं, याची चर्चा कुठल्याच सभागृहात ऐकू आली नाही. मे २०२५ मध्ये मुंबईत मनोरंजन उद्योगाची 'वेव्हज' परिषद झाली. तिथे गेमिंग आणि लाइव्ह मनोरंजन ही दोन्ही क्षेत्रं देशाचं भविष्य म्हणून मिरवली गेली. चांगलंच आहे. पण भविष्याचं बिल भरणाऱ्या गिऱ्हाइकाला मांडवात कुठे खुर्ची होती?

आता मूळ मुद्दा.

मी बालगंधर्वला किंवा कोथरूडच्या यशवंतरावला नाटकाचं तिकीट काढतो तेव्हा मला काय मिळणार हे त्या चिठोऱ्यावर छापलेलं असतं. तारीख, वेळ, रांग, खुर्चीचा नंबर. तिसरी घंटा झाली की पडदा वर जाणार, दोन-अडीच तासांनी खाली येणार, आणि मी पार्किंगमधून गाडी काढायच्या खटपटीला लागणार. प्रयोग संपला म्हणून आजवर कुणी पैसे परत मागितले नाहीत. मागणारही नाही, कारण विकली गेली ती एक संध्याकाळ होती आणि ती पुरी मिळाली.

गेमच्या दुकानात बटणावर 'विकत घ्या' असं लिहिलेलं असतं. किंमत तिकिटाची नसते, वस्तूची असते. नव्या मोठ्या गेमच्या किमतीत चौघांचं कुटुंब दोन-तीन नाटकं बघून येईल. पण ते बटण दाबल्यावर जे हातात पडतं ते पुष्कळदा तिकीटच असतं, आणि वर त्यावर तारीख नसते. पडदा कधी पडणार हे फक्त कंपनीला माहीत. कित्येकदा तिलाही नसतं.

माझ्याबाबतीत काय झालं ते सांगतो. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण भांडण एकीशी नाही. माझा मामेभाऊ कामानिमित्त मस्कतला असतो. शनिवारी रात्री आम्ही दोघं मिळून एक गेम खेळायचो. दिवाळीच्या सेलमध्ये दोघांनी घेतला होता, पावत्या अजून मेलमध्ये आहेत. गप्पा मारायला निमित्त लागतं, ते आमचं हे होतं. कानाला हेडफोन, एकीकडे मोहीम चाललेली आणि दुसरीकडे मामीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन, गावच्या घराची कौलं, त्याच्या पोरीची शाळा. मग एके दिवशी मेल आला : सर्व्हर (गेम ज्यांच्यावर चालतो ते कंपनीचे कॉम्प्युटर) बंद होत आहेत, आजवरच्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. त्या मेलच्या आधल्या आठवड्यापर्यंत गेममधलं दुकान उघडं होतं आणि त्यात सणाची सूट चालू होती.

शेवटच्या रात्री आम्ही दोघंही आत होतो. गेममधल्या गावाच्या मुख्य चौकात शे-दोनशे खेळाडू आपसूक जमले होते. कुणी बोलावलं नव्हतं. कुणी आपलं पात्र नाचवत होतं, कुणी साठवून ठेवलेले फटाके उडवत होतं, एक जण कारंज्याच्या कठड्यावर नुसता बसून होता. चॅटमध्ये पोर्तुगीज, कोरियन, हिंदी, सगळं एकत्र वाहत होतं. मामेभावाने मराठीत लिहिलं, 'बरंय मंडळी, येतो.' त्याला कुणीतरी टाळ्यांचं चित्र टाकलं. ठरलेली वेळ झाली आणि पडद्यावर चौकट आली : सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही. खाली बटण होतं, 'पुन्हा प्रयत्न करा'. ते तुमच्या सहीच्या शिक्क्याइतकं गंभीरपणे चमकत होतं. आम्ही दोघांनीही ते दाबलं, हे वेगळं सांगायला नको.

थेट कार्यक्रम म्हणून पाहिलं तर ती रात्र झकास होती. नाट्यगृहातसुद्धा असा निरोप क्वचित पाहायला मिळतो. पण ती ना कुणी बसवलेली होती, ना तिचं तिकीट होतं. आम्ही पैसे मोजले होते ते गेमचे, आणि गेम गेला.

हे एकट्या माझ्या नशिबात आलेलं नाही. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. तो एकट्याने खेळायचा म्हटलं तरी सर्व्हरला जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेली अख्खी चकती नुसती प्लॅस्टिक उरली. पुढे लोकांच्या खात्यांतून परवानाही काढून घेतला गेला. कॅलिफोर्नियात खेळाडू कोर्टात गेले, तेव्हा कंपनीने बाजू मांडली की ग्राहकांनी गेमची मालकी घेतलेली नव्हती, मर्यादित परवाना घेतला होता. 'अँथम' २०१९ मध्ये मोठा गाजावाजा करून आला; त्याचे सर्व्हर बंद करायची तारीख कंपनीने १२ जानेवारी २०२६ जाहीर केली. उलट बाजूचं उदाहरणही देतो, म्हणजे मी एकांगी बोलतोय असं वाटायला नको. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला, सपशेल पडला, आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. पण ज्यांनी तो घेतला होता त्यांना पूर्ण पैसे परत मिळाले. नाटक पडलं, निर्मात्याने खिडकी उघडली, पैसे मोजून दिले. हिशेब मिटला.

गेममध्ये खरोखरचे थेट कार्यक्रम होतात आणि त्यांच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, हेही नोंदवून ठेवतो. एप्रिल २०२० मध्ये सगळं जग घरात कोंडलेलं असताना 'फोर्टनाइट' या गेममध्ये रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटचा कार्यक्रम झाला. एका वेळी १ कोटी २३ लाख खेळाडू हजर होते. जेमतेम दहा मिनिटांचा खेळ. तो महाकाय माणूस समुद्रावरून चालत येतो, आभाळ फाटतं, आपण पाण्याखाली तरंगायला लागतो. रॅप माझ्या डोक्यावरून जातं, तरी ती दहा मिनिटं डोळ्यांत राहिली. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, मार्शमेलो या डीजेचा कार्यक्रम तिथेच झाला होता. हे प्रयोग होते, प्रयोग म्हणूनच जाहीर झाले, फुकट होते, झाले आणि संपले. बीजीएमआय या मोबाइल गेमचे सामने जून-जुलै २०२२ मध्ये स्टार स्पोर्ट्सवर दिसले, तेव्हा आमच्या सासूबाईंनी क्रिकेट समजून चहा घेऊन बैठक मारली होती. तेही थेटच. थेट असण्याशी भांडण नाही. थेट प्रयोगाचं तिकीट वस्तूच्या भावाने, वस्तू म्हणून विकण्याशी आहे.

आणखी एक फरक आहे आणि तो मला सगळ्यात जास्त खुपतो. प्रयोग संपतो, पण नाटक संपत नाही. 'संगीत सौभद्र' १८८२ मध्ये रंगमंचावर आलं. ते करणारी मंडळी गेली, ती थिएटरं गेली, पेट्रोमॅक्स गेले. नाटक आजही लागतं, कारण संहिता आहे, पदं आहेत, आणि ज्याच्यात दम आहे तो उभा राहून करू शकतो. महाराष्ट्रात तर नाटक लावण्याआधी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, द्यावी लागते. त्या पद्धतीबद्दल रंगकर्मींची मतं काय आहेत ती मी जाणतो, पण निदान कागद कुठेतरी असतो. पुस्तक छापलं तर १९५४ च्या कायद्याने त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाते. गेमची संहिता म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम. तो कंपनीच्या कुलपात असतो आणि खेळ बंद झाला की कुलपासकट विहिरीत जातो. शेकडो चित्रकार, लेखक, संगीतकारांचं काम एका दुपारी नाहीसं होतं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजदाद केली, तेव्हा २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत असं निघालं. आणि हे तर सर्व्हरचं खूळ पुरतं बोकाळण्याआधीचे गेम.

तुम्ही म्हणाल, सर्व्हर चालवायला पैसे लागतात. लागतात ना. कंपनीने एका गेमचे सर्व्हर जन्मभर चालवावेत असं कुणीच म्हणत नाही. पण कॉलेजात असताना आम्ही सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन काउंटर-स्ट्राइक खेळायचो. कॅफेवाल्याच्या चार कॉम्प्युटरांना जोडलेली एक वायर, एवढाच सर्व्हर. तो गेम आजही तसाच चालतो, 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भागही चालतो, कुणाच्या परवानगीवाचून. म्हणजे हे जमतं. नवे गेम मुद्दाम जमू नये अशा बेताने बांधलेले असतात. आणि जमवायचं मनात असेल तर आजही जमतं : 'नॉकआउट सिटी'च्या कंपनीने जून २०२३ मध्ये सर्व्हर बंद करताना कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांसाठी स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन टाकली. 'सिटी ऑफ हीरोज' २०१२ मध्ये बंद पडला होता; चाहत्यांनी तो पुन्हा उभा केला आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीने त्यांना रीतसर परवाना दिला. खुद्द युबिसॉफ्टने एवढा गदारोळ झाल्यावर 'द क्रू'च्या पुढच्या दोन भागांसाठी ऑफलाइन सोय जाहीर केली. म्हणजे ओरड झाली की जमतं.

गेममध्ये वापरलेल्या गाण्यांचे आणि गाड्यांच्या नावांचे परवाने संपतात, ही दुसरी सबब. त्यावर 'फोर्झा होरायझन ४' हा गाड्यांचा गेम बघा. परवाने संपले म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये तो विक्रीतून काढला. पण ज्यांनी आधी घेतला होता ते आजही उतरवून खेळतात. विक्री थांबवणं वेगळं, विकलेला माल घरात शिरून उचलून नेणं वेगळं.

तर माझ्या तक्रारी अशा.

एक. 'विकत घ्या' म्हणून परवाना विकला जातो. कॅलिफोर्नियाने यावर कायदा केला, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे : कायमचं देणार नसाल तर 'विकत घ्या' म्हणताना हा परवाना आहे, हे ग्राहकाला ठळक सांगा. स्टीमसारख्या गेमच्या ऑनलाइन दुकानाने तर तो लागू व्हायच्या आधीच पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. चांगलं केलं, पण ती ओळ बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत आहे, आणि गेम किती काळ चालणार हे ती सांगत नाहीच.

दोन. बंद होण्याची खबर मिळते तेव्हा फार उशीर झालेला असतो, आणि खबर मिळेपर्यंत दुकान चालू असतं. बंद होणार हे ठरलेलं असताना आत नाणी विकणं याला साध्या मराठीत काय म्हणतात ते मी पत्रात लिहीत नाही.

तीन. नाणी. हा विषय जरा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण तुमच्या वयाच्या अधिकाऱ्यांनी ती कधी विकत घेतली नसतील. गेममध्ये कपडे, बंदुका, नाचाच्या लकबी विकायला असतात, पण रुपयांत नाही. आधी रुपये देऊन नाणी घ्यायची, मग नाण्यांनी वस्तू. समजा जाकीट ८०० नाण्यांचं आहे. नाण्यांचं पुडकं मात्र ५०० चं किंवा १००० चं मिळतं. १००० घेतलीत तर २०० उरतात, त्यांत काहीच येत नाही, म्हणून पुन्हा पुडकं. जाकीट नेमके किती रुपयांना पडलं हे माझ्यासारख्या दिवसभर एक्सेल चालवणाऱ्यालाही चटकन सांगता येत नाही. आमच्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा तर 'काका, फक्त ८०० लागतात' असंच म्हणतो. त्याच्या डोक्यात रुपये येतच नाहीत, आणि येऊ नयेत हाच त्या मांडणीचा हेतू आहे. शेजारी जाकिटावर घड्याळ उलटं पळत असतं : उरले चार तास. चार तासांनी ते जातं, आणि महिन्याभराने 'खास आग्रहास्तव' परत येतं.

३० नोव्हेंबर २०२३ ला तुम्हीच डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला भुलवून खर्च करायला लावणाऱ्या मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्यात. त्यात तेरा प्रकार आहेत आणि खोटी घाई हा त्यातलाच एक. मी ती यादी एका रात्री आमच्या फोनमधल्या गेमशेजारी ठेवून वाचली. निम्म्याहून अधिक प्रकार एकाच गेमच्या दुकानात सापडले. नेदरलँड्सच्या ग्राहक यंत्रणेने मे २०२४ मध्ये अशाच उलट्या घड्याळांवरून आणि मुलांना उद्देशून केलेल्या 'आत्ताच घ्या'वरून फोर्टनाइटच्या कंपनीला ११ लाख युरोंहून अधिक दंड केला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात त्याच कंपनीकडून नको असलेल्या खरेद्यांपोटी २४.५ कोटी डॉलर ग्राहकांना परत करण्याचं कबूल करून घेतलं. युरोपातल्या ग्राहक यंत्रणांनी मार्च २०२५ मध्ये सांगितलं की नाण्यांची किंमत खऱ्या चलनात दिसलीच पाहिजे. आपल्याकडे सूचना आहेत, खेळाडू आहेत, फसवणूकही आहे. कारवाई तेवढी दिसत नाही.

चार. थेट कार्यक्रम. गेममधली ही सगळी कला आता तिकिटांच्या अ‍ॅपवर आली आहे. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधले कोल्डप्लेचे जानेवारी २०२५ चे कार्यक्रम आठवा. सप्टेंबर २०२४ मध्ये विक्री उघडली, लाखो लोक पडद्यावरच्या रांगेत उभे राहिले, आणि थोड्याच वेळात तीच तिकिटं दुसऱ्या संकेतस्थळांवर कित्येक पट भावाने दिसायला लागली. प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत गेलं. आमच्या घरी तेव्हा सगळे लॅपटॉप उघडून बसलो होतो. रांगेतला नंबर बघून बायको म्हणाली, 'एवढ्यात तर आपण कोकणातला सप्ताह आटोपून परत येऊ.' मोठ्या कार्यक्रमाला गर्दी होणार, सगळ्यांना तिकीट मिळणार नाही, मान्य आहे. पण सर्वसामान्यांसाठी खरोखर किती तिकिटं होती, प्रायोजक आणि कार्डवाल्यांसाठी आधीच किती बाजूला काढली होती, हे विक्रीआधी सांगायला काय हरकत होती? लहान कार्यक्रमांत दुसरा जाच. दाखवायची किंमत एक, मग सोयीचं शुल्क, मग त्या शुल्कावर कर. आमचा एक विनोदाचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. तिकिटाचे पैसे आले, सोयीचं शुल्क आलं नाही. सोय कुणाची झाली होती, हे मी त्यांना विचारलं. पाच चांदण्या पुढे आल्या. नाट्यगृहाच्या खिडकीवर मात्र आजही खुर्च्यांचा नकाशा समोर सरकवतात, बोट ठेवलं की किंमत सांगतात, आणि प्रयोग रद्द झाला तर तिथेच सगळे पैसे मोजून देतात. फाटकी नोट बदलून मागितली तर कुरकुर करतात, तेवढंच.

पाच. तक्रार कुठे करायची? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. भारतातल्या ग्राहकांना नियमितपणे विक्री करणारी परदेशी कंपनीही त्या नियमांत येते. आमच्याकडून यूपीआयने रुपये घेताना या कंपन्या पुरत्या देशी असतात. तक्रार आली की परदेशी होतात.

आता मागण्या. त्या अवघड नाहीत.

गेम सर्व्हरवाचून चालणार नसेल, तर किमतीच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरांत, तसं लिहा आणि किमान कुठल्या तारखेपर्यंत चालू ठेवणार ती तारीख छापा. मराठीसह भारतीय भाषांत. तारीख छापायची तयारी नसेल, तर ती विक्री 'विकत घ्या' या नावाने होऊ नये.

बंद करायचा निर्णय झाला की निदान सहा महिने आधी जाहीर करा आणि त्याच दिवसापासून नाण्यांची विक्री थांबवा. शिल्लक नाण्यांचे पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत जावेत.

गेम बंद करताना तो एकट्याने खेळता येईल किंवा खेळाडूंना आपला सर्व्हर चालवता येईल, एवढी सोय द्या. यापैकी काहीच देणार नसाल, तर पैसे परत. यात माझी सगळ्यात मोठी अडचण जुन्या गेमची आहे, ज्यांची बांधणीच तशी नाही. त्यांना सूट द्यावी लागली तर द्या, पण यापुढे बाजारात येणाऱ्या गेमना नको. युरोपात याच मागणीसाठी चाललेल्या मोहिमेला दहा लाखांहून अधिक नागरिकांच्या सह्या मिळाल्या आहेत. उद्योगाचं म्हणणं आहे की हे खर्चिक पडेल. सुरुवातीपासून तसं बांधलं तर किती पडेल, हे त्यांनी तुमच्यापुढे आकड्यांनिशी मांडावं. आपल्याकडच्या कंपन्यांना हे जड जाईल असंही मला वाटत नाही. 'राजी' नावाचा गेम पुण्यातच बनला, २०२० मध्ये आला, एकट्याने खेळायचा आहे, आणि कुणाच्याही सर्व्हरच्या मेहरबानीवर तो जगत नाही.

गेममधल्या प्रत्येक वस्तूवर रुपयांतली किंमत. हवी तेवढीच नाणी घेता आली पाहिजेत. उलटी घड्याळं बंद. निदान अठरा वर्षांखालच्यांच्या खात्यांवर तरी ताबडतोब.

कार्यक्रमांच्या तिकिटांची एकच, अंतिम किंमत पहिल्याच पानावर. सार्वजनिक विक्रीला किती तिकिटं आहेत ते आधी जाहीर. कार्यक्रम रद्द झाला तर शुल्कासकट सगळी रक्कम परत.

हे करायला नवा कायदा लागेलच असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा थांबवायचे, पैसे परत करायला लावायचे अधिकार तुम्हाला आहेत आणि ते तुम्ही वापरलेही आहेत. लॉकडाउनमध्ये रद्द झालेल्या विमानांच्या तिकिटांचे अडकलेले पैसे तुम्ही प्रवासाच्या संकेतस्थळांकडून लोकांना मिळवून दिलेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओलाला सांगितलंत की परतावा कूपनातच घ्या असं ग्राहकाला म्हणू नका, बँकेत हवा की कूपनात हे त्याला ठरवू द्या. गेमच्या खरेदीत रक्कम ओलाच्या भाड्याहून मोठी असते, एवढाच फरक.

हे पत्र वाचणाऱ्या इतर खेळाडूंना एक विनंती. तुमचा एखादा गेम असाच बुडाला असेल, तर मेलमधली पावती शोधा, बंद झाल्याच्या सूचनेचा फोटो ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. चॅटमध्ये शिव्या घालून काही होत नाही. तो चॅटही त्यांच्याच सर्व्हरवर आहे. मी माझी तक्रार या पत्राच्या प्रतीसह नोंदवतोय, मामेभाऊ मस्कतहून त्याची पावती पाठवणार आहे. प्राधिकरणाने निदान एवढं कळवावं की डार्क पॅटर्नच्या सूचना गेमच्या दुकानांना लागू आहेत असं तुम्ही मानता की नाही. हो किंवा नाही. त्यावर पुढचं पत्र कुणाला लिहायचं ते मी ठरवीन.

आपला,
पुण्यातला एक गेमर